लोकसभेला उभे राहिलेले छोट्या धार्मिक पक्षांचे उमेदवार : तुमचे अनुभव लिहा

लोकसभेच्या मतदानाला गेलं की मशीनवर मोठ्या पक्षांच्या खाली बरीच नावं असतात जी आपण वाचतसुद्धा नाही, आणि त्यात एखाद-दुसरा उमेदवार अशा पक्षाचा असतो जो उघड उघड धर्मासाठी म्हणून निघालेला असतो. २०२४ ला देशभर ८,३६० उमेदवार उभे होते. त्यातल्या अशा लोकांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही म्हणून हा धागा.

ही माणसं कायमच बाजूला पडलेली होती असंही नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत करपात्री महाराजांच्या रामराज्य परिषदेचे ३ आणि हिंदू महासभेचे ४ खासदार निवडून आले होते, म्हणजे जनसंघाचेही तेव्हा ३च होते हे लक्षात घ्या. महासभेचे वि. घ. देशपांडे तर ग्वाल्हेर आणि गुना दोन्हीकडून जिंकले. पुढे १९८९ ला महंत अवैद्यनाथ गोरखपूरहून महासभेच्याच तिकिटावर आले. दुसऱ्या बाजूला मुस्लिम लीग केरळात टिकली, वाढली, २०२४ ला लोकसभेत तिचे ३ खासदार निवडून आले. पण बाकीच्यांचं काय, जे दर वेळी डिपॉझिट घालवतात आणि तरी पुन्हा उभे राहतात? तुम्ही कोणाचे सूचक (उमेदवारी अर्जावर नाव सुचवून सही करणारे) असाल, एजंट असाल, घरचं कोणी उभं राहिलं असेल, मतदान ड्युटीवर असाल तर सविस्तर लिहा. कुणाच्या श्रद्धेची टवाळी नको, एवढंच मागणं आहे.

सूचक

माझे मामा कीर्तनकार. त्यांना एका छोट्या पक्षाने तिकीट दिलं आणि पहिला प्रश्न आला तो सूचकांचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, पण नुसती नोंदणी असलेल्या पक्षाला आणि अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. ऐकायला सोपं वाटतं हो, पण सही करायला तयार झालेला माणूस संध्याकाळी घरी जातो, घरचे विचारतात आपल्या साहेबांना कळलं तर काय, आणि सकाळी त्याचा फोन लागत नाही. आम्ही यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक असं बसून तपासली कारण छाननीत कुठे अडायला नको होतं. अनामत २५,००० रुपये, ती गावातल्या भजनी मंडळाने वर्गणी काढून भरली.

मग चिन्ह. मामांच्या मनात काहीतरी देवाधर्माचं चिन्ह होतं पण मुक्त चिन्हांच्या यादीत असतात त्या घरातल्या-बाजारातल्या वस्तू, मिळालं शिलाई मशीन. मामा कीर्तनाला बसलेल्या माणसाला सांगायचे की फाटलेलं जोडायचं काम संतांनी केलं तेच मला करायचंय, आणि लोक खरंच ऐकायचे. फक्त मागे भरारी पथकाचा व्हिडिओवाला उभा असायचा. देवळात प्रचार चालत नाही, आचारसंहितेत स्पष्ट आहे, त्यामुळे आम्ही देवळाच्या पायरीपासून लांब, पारावर बोलायचो. ज्या माणसाचं आयुष्य देवळात गेलं त्याला देवळाबाहेर थांबून मत मागावं लागत होतं. मला तो नियम पटतो, आजही पटतो, पण मामांना त्याचा किती त्रास झाला हेही मी बघितलंय.

वकिली करणारा

वरच्या अनुभवात भर घालतो. पक्ष नोंदवताना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे पक्षाच्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावीच लागते, मग पक्ष कोणत्याही विचाराचा असो. आणि कलम १२३(३) प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करून मागितलेलं मतसुद्धा यात येतं. नुसती कागदावरची गोष्ट नाही ही. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभूंची निवड याच कारणाने रद्द झाली, सुप्रीम कोर्टाने १९९५ ला ते कायम केलं, आणि त्याच प्रकरणात बाळासाहेब ठाकऱ्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मौलानांना मी हेच सांगितलं की तुमचा जाहीरनामा पाणी, शिष्यवृत्ती, कब्रस्तानाची जागा यावर ठेवा. ते म्हणाले मग मी आणि बाकीच्यांत फरक काय राहिला. प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे कायद्याच्या भाषेतलं उत्तर होतं, त्यांच्या मनातलं नव्हतं.

मतदान केंद्रावरची बाई

मी शिक्षिका, मतदान अधिकारी म्हणून ड्युटी केलेली आहे. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोल असतो, निदान पन्नास मतं टाकून दाखवायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला मत पडलं पाहिजे, मग मशीनचा निकाल आणि चिठ्ठ्या जुळवायच्या, मग सगळं क्लिअर करून सील. मोठ्या पक्षांचे एजंट चहा पीत बसलेले. एका छोट्या धार्मिक पक्षाचे एजंट म्हणून एक आजोबा आले होते, कपाळाला गंध, हातात शाळकरी वही. त्यांनी प्रत्येक बटण दाबलेलं वहीत मांडलं, त्यांच्या उमेदवाराचंही आणि बाकी सगळ्यांचंही, शेवटी बेरीज माझ्या आधी त्यांची झाली. पेपर सीलचे नंबर उतरवून घेतले. दिवसभर उठले नाहीत, संध्याकाळी म्हणाले, बाई, सतरा सी ची (केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशोबाची) प्रत द्या. बाकी दोघांना ती घ्यायची असते हेच माहीत नव्हतं! नंतर मी फॉर्म वीस मध्ये (केंद्रवार निकालाच्या तक्त्यात) बघितलं, आमच्या केंद्रावर त्यांच्या उमेदवाराला चार मतं. पण त्या दिवशी आमच्या केंद्रावर सगळ्या पक्षांच्या वतीने राखण कोणी केली असेल तर त्या आजोबांनी, असं मी कुठेही सांगेन.

मराठवाड्यातून

आमच्या मोहल्ल्यात असा उमेदवार आला की पहिलं वाक्य ठरलेलं, मतं फुटतील. उमेदवार बोलतोय काय ते नंतर. आमच्याकडे एक हाफिजसाहेब उभे राहिले होते छोट्या पक्षाकडून, अब्बांच्या ओळखीचे, त्यांनी सगळा वेळ नळाला किती दिवसांनी पाणी येतं आणि मुली दहावीनंतर कुठे जाणार यावर घालवला. खालाने त्यांना दारातच विचारलं, भाईजान, तुम्ही माघार घेऊन बसलात तर बरं नाही का होणार? ते म्हणाले, आपा, दर वेळी दुसऱ्याला हरवायला मत देताय, एकदा आपल्या कामासाठी देऊन बघा. खालाने शेवटी कुणाला दिलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

आणि लोक म्हणतात जिंकूच शकत नाही, तर २०१९ ला औरंगाबादला एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी आलेच की. अर्थात तेव्हा वंचित बहुजन आघाडीशी युती होती आणि एका अपक्षाने पावणेतीन लाखांवर मतं घेतली होती, म्हणून ते गणित रोज जमत नाही, २०२४ ला नाहीच जमलं. पण "मतं फुटतील" हे फक्त आम्हालाच का ऐकवलं जातं, इतर जातीधर्मांचे इतके उमेदवार उभे असतात त्यांना कोणी का नाही सांगत, हा माझा राग आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते.

बदलीवर पंजाबात

मी बँकेच्या बदलीमुळे तिकडे होतो. जून २०२२ ला संगरूरची पोटनिवडणूक, भगवंत मान मुख्यमंत्री झाले म्हणून जागा रिकामी. अकाली दल (अमृतसर) चे सिमरनजीत सिंग मान उभे होते, १९८९ ला तुरुंगातून तरनतारन जिंकलेले आणि नंतर कृपाण आत नेऊ देत नाहीत म्हणून संसदेत न बसलेले. ऑफिसात सगळे म्हणायचे की म्हाताऱ्यांना उगाच त्रास. ५,८२२ मतांनी जिंकले. माझ्या शाखेतला शिपाई, जो कधी राजकारणावर बोलायचा नाही, तो त्या दिवशी सगळ्यांना लाडू वाटत होता. २०२४ ला ते हरले. तिथे राहून मला जाणवलं ते असं की लोक अशा पक्षाला धर्मापेक्षा रागातून जास्त मत देतात, राग ओसरला की मतही ओसरतं.

उमेदवाराची मुलगी

बाबा उभे होते. सगळे सभा-मिरवणुकांचं लिहितायत म्हणून मी खर्चाच्या रजिस्टरचं लिहिते कारण ते मी भरायचे. जिल्ह्यात दरपत्रक ठरवून देतात, चहा इतका, खुर्ची इतकी, मंडप इतका. बाबांचे अनुयायी स्वतःहून चहा करून आणायचे, कुणी पैसे घेत नव्हतं, पण फुकट आलेला चहासुद्धा त्या दराने बाबांच्या नावावर चढवायचा. एका माऊलीने प्रेमाने पन्नास जणांचा चहा पाठवला आणि मी तिच्यासमोर पेन काढून हिशोब लिहायला लागले तेव्हा तिला फार वाईट वाटलं. मी तिला समजावलं की मावशी, हे तुमच्या चहाची किंमत नाहीये. मोठ्या राज्यात मर्यादा ९५ लाख आहे, आमचा आकडा तिच्या आसपासही नव्हता, तरी निकालानंतर तीस दिवसांत हिशोब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत निवडणूकच लढवता येत नाही.

नोटापेक्षा कमी मतं पडली. डिपॉझिट वाचायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त लागतात, त्याचा प्रश्नच नव्हता. नातेवाईक हसले. बाबांनी मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी गावागावांची यादी काढली आणि जिथे जिथे मत पडलं तिथे आभार मानायला गेले, कोणी दिलं ते माहीत नसताना.

धागाकर्ती

@उमेदवाराची मुलगी, खूप मनापासून लिहिलंस. तुमचा पक्ष अजून नोंदणीत आहे ना? २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीतून काढले, सहा वर्षं एकही निवडणूक न लढवल्यामुळे. धार्मिक असो की कुठलाही, ज्यांचे पक्ष त्यात गेले त्यांनीही लिहा. आणि कोणाच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचं, अनामत ५०० रुपये होती तेव्हाचं काही ऐकलेलं असेल तर तेही हवंय.

उमेदवाराची मुलगी

आमचा पक्ष लढत होता त्यामुळे राहिलाय. पण नसता राहिला तरी बाबा म्हणतात अपक्ष भरीन, तसेही सूचक दहाच लागतात. सात जण आत्ताच तयार आहेत.