मदत हवी आहे: पाय सुजलेल्या, पाठीला बाक आलेल्या आजींचं कुपोषण कसं मोजावं?

सत्तरीपुढच्या बायकांची पोषण तपासणी करतेय. पाठीला बाक असल्याने उंची कमी भरते, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वाढतो आणि अगदी खंगलेल्या आजीही १८.५ या कमी वजनाच्या मर्यादेच्या वर जातात. गुडघ्याच्या उंचीवरून सूत्राने उंची काढल्यावर हा प्रश्न बराच सुटला.

खरी अडचण सुजेची. अंगठ्याने दाबलं की पायावर खळगा राहतो. सुजेने वजनही वाढतं, आणि पोटरीचा घेर ३१ सेंमीपेक्षा कमी म्हणजे कुपोषणाची शंका, हा निकषही फसतो. म्हणून दंडाचा घेर घेतेय, खांदा-कोपराच्या बरोबर मधोमध. पण कातडी इतकी सैल, की टेप जरा ओढला तरी आकडा बदलतो.

वजनकाटा आणि टेप एवढंच हाताशी आहे. रक्ततपासणी शक्य नाही, वजनाच्या जुन्या नोंदीही नाहीत. अशा आजींसाठी दंडाच्या घेराची कोणती मर्यादा धरता, आणि टेप किती ताणता?