मनासारखा निकाल लागला नाही, तेव्हा पुढचं कसं ठरवलंत? अनुभव लिहा

शहापूर, बेळगाव

परवा पीयूसी दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला. माझ्या भाच्याला सायन्समध्ये 600 पैकी 297 गुण आहेत. पास झालाय, पण घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे. दादा फोन उचलत नाही, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. आणि पोरगं दार लावून आत बसलंय.

माझंच सांगते आधी. 2004 साली मला सायन्सला 46 टक्के पडले. बाबांनी गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, पोरगी बी.एस्सी. करणार. निकालानंतर तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून झाला. तेव्हा आमचं विद्यापीठ धारवाडचं होतं, बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली झालं. वर्षभर लॅबमध्ये ब्युरेट धुतली, नोट्स उतरवून काढल्या, आणि परीक्षेला बसलेच नाही. दुसऱ्या वर्षी बी.ए.ला गेले, मराठी घेतलं, पुढे बी.एड. केलं. आज हायस्कूलला शिकवते आणि मनापासून शिकवते. पण त्या तीन दिवसांत मला एकानेही काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही, हे अजून लागतं.

म्हणून ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा. कुणी ठरवलं, किती दिवसांत ठरवलं? कुठले कागद आधी काढून ठेवले असते तर बरं झालं असतं? फी, बस, भाषा, सगळं लिहा. आपल्या सीमाभागात दोन राज्यांची दारं आहेत असं सगळे म्हणतात, पण ती उघडायची कशी हे वेळेवर कुणी सांगत नाही.

जांबोटी भाग, खानापूर तालुका

मी 2024 ची. त्या वर्षी पहिल्यांदाच पीयूसीच्या तीन परीक्षा झाल्या. पहिलीत मी फिजिक्समध्ये नापास झाले, बाकी सगळ्यात पास.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. पीयूसीला सगळं एकदम इंग्रजीत. घरातून अंधारात निघायचं, पहिली बस धरायची, संध्याकाळी परत. पावसाळ्यात बस आली नाही की तो दिवस गेलाच. निकालादिवशी बाबा म्हणाले, "बस झालं, आता घरी राहा." रागाने नाही म्हणाले, थकून म्हणाले. ते जास्त लागलं.

मामाने एक गोष्ट केली. म्हणाला, "पेपर बघूया आधी. काय लिवलीस ते बघितल्याशिवाय कशाला रडायलीस?" उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत मागवता येते. त्या वेळी एका विषयाला 530 रुपये होते. फेरतपासणी हवी असेल तर ही प्रत आधी घ्यावीच लागते, आणि फेरतपासणीचे पैसे वेगळे, तेव्हा 1670. मामाने 530 भरले.

प्रत आली तेव्हा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितली. माझंच अक्षर. पहिली पानं गच्च भरलेली, दोन गुणांच्या प्रश्नाला मी पानभर लिहिलं होतं. आणि शेवटच्या पाच गुणांच्या प्रश्नांना फक्त नंबर घातलेले, खाली कोरं. तपासणाऱ्याने काही चुकीचं केलं नव्हतं. मला येत होतं, वेळ पुरला नव्हता. कारण मी आधी मनात मराठीत उत्तर तयार करत होते, मग ते इंग्रजीत उतरवत होते.

ते कोरं पान बघून मी शांत झाले, खरंच सांगते. तोवर वाटत होतं, मला डोकंच नाही. फेरतपासणी केली नाही. ते पैसे वाचवले आणि मधल्या दिवसांत रोज घड्याळ लावून एक पेपर सोडवला, मोठे प्रश्न आधी. दुसऱ्या परीक्षेत फक्त फिजिक्स दिलं आणि पास झाले. पास झालेले विषय परत द्यावे लागत नाहीत, आणि त्या वर्षी तिन्ही परीक्षांत ज्या विषयाला जिथे जास्त गुण असतील ते धरले.

मग पदवीचा प्रश्न. चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात, जावं की बेळगावात राहावं? त्याच वर्षी कर्नाटकात पदवी परत तीन वर्षांची झाली. महाराष्ट्रात चार वर्षांची रचना आली आहे, तिथे तीन वर्षांनीही बाहेर पडता येतं. मला लवकर कमवायचं आहे, म्हणून बेळगावात बी.एस्सी. घेतली, बॉटनी आहे. आमच्या रानातली झाडं मला आधीपासून ओळखीची होती, आता त्यांची लॅटिन नावं कळायला लागलीत.

आणखी एक, सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांसाठी. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकला असाल तर कर्नाटकात 15 टक्के ग्रामीण कोटा आहे, मराठी माध्यमवाल्यांनाही. मुख्याध्यापकांची सही आणि वर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची, प्रतिसही लागते. 5 टक्क्यांचा दुसरा कोटा आहे तो कन्नड माध्यमाचा, तो आपल्याला लागू नाही. आमच्या वर्गातल्या दोघांना हा फरक माहीत नव्हता आणि त्यांनी ग्रामीण कोट्याचाही दाखला काढला नाही.

येळ्ळूर

मी इंजिनिअर, सध्या पुण्यात. 2019 चा पीयूसी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून 51 टक्के. इंजिनिअरिंगला 45 लागतात, त्यामुळे पात्र होतो, पण कर्नाटक सीईटीची रँक लाखाच्या पलीकडे गेली. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय मच्छेला, आमच्या शेजारच्या गावात. सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर विद्यापीठ, आणि मला त्याच्या बऱ्या कॉलेजात जागा नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कर्नाटकात रँक काढताना निम्मे गुण पीयूसीचे आणि निम्मे सीईटीचे धरतात. महाराष्ट्रात बारावीचे गुण पात्रतेपुरते, पुढची क्रमवारी सीईटीच्या पर्सेंटाइलवर. म्हणजे पीयूसीला कमी पडलेल्या पण सीईटी बरी गेलेल्या मुलाला पलीकडे खरी संधी असते. माझ्या मित्राच्या थोरल्या भावाने फेब्रुवारीत बळंच फॉर्म भरायला लावला म्हणून मी कोल्हापूरला जाऊन महाराष्ट्राची सीईटी दिली होती. दिली नसती तर निकालानंतर काही करता आलं नसतं. ही परीक्षा निकालाच्या आधी ठरवायची असते.

महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो, त्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. त्याला दोन दाखले मुख्य. एक, राहणं त्या भागात असल्याचा. दुसरा, मातृभाषा मराठी असल्याचा, शाळेकडून. पहिला मिळाला. दुसऱ्यासाठी मी माझ्या प्राथमिक शाळेत गेलो, तर माझ्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना रिकामा! गुरुजींनी कपाट उघडून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवत फिरवत माझ्या नावाशी आले. तिथे निळ्या शाईत "मराठी" लिहिलेलं होतं. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मला तो रकाना जन्मभर विसरता येणार नाही.

कोल्हापूरजवळच्या कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. सोपं गेलं असं नाही. आमच्याकडचा जातीचा दाखला तिकडच्या आरक्षणाला चालत नाही, हे धरून फीचा हिशेब करा. होस्टेलचा खर्च आला. बाबांनी एक बैलजोडी विकली. पण निर्णय माझा होता, आणि घेताना कागद हातात होते.

निपाणी

माझी आई बिड्या वळते. दहावी निपाणीत झाली आणि अकरावी-बारावी देवचंद कॉलेजला. बाहेरच्यांना गंमत वाटते, पण आमच्यासाठी ते रोजचं आहे. निपाणी कर्नाटकात, आणि कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुका, महाराष्ट्र. घरातून चालत राज्य ओलांडायचं. विद्यापीठ कोल्हापूरचं.

बारावी सायन्सला 52 टक्के. मला कृषी पदवी हवी होती, ती हातची गेली. घरी कुणाला फारसं कळत नव्हतं, त्यामुळे ओरडाही नाही आणि सल्लाही नाही. दोन आठवडे मी आईशेजारी बसून पानं कातरली. शेवटी आईच म्हणाली, "तुला हिशेब चांगला येतोय, माझी मजुरी तूच मोजतीस." तिथून बी.कॉम. डोक्यात आलं.

सांगायचं ते शिष्यवृत्तीचं. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती असते, पण आईचं बिडी कामगार ओळखपत्र लागतं. आईचं कार्ड कुठल्याशा पत्र्याच्या पेटीत होतं, फोटो उडालेला. ते नवीन करून घेण्यात पहिलं वर्ष गेलं. ज्यांच्या घरी हे काम आहे त्यांनी आज पेटी उघडा. दहावी एका राज्याची आणि बारावी दुसऱ्या, अशांनी मायग्रेशनचा दाखलाही जपून ठेवा. मी आता कर सल्लागाराकडे नोकरी करते.

अनगोळ, बेळगाव

मी वयाने मोठा आहे, चाळिशीचा. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, 47 टक्के. पीयूसी सायन्स मिळालं नाही, म्हणून दहावीनंतरच्या इंजिनिअरिंग डिप्लोमाला गेलो. तेव्हा नातेवाइकांत डिप्लोमा म्हणजे उरलेल्यांची जागा.

मराठी माध्यमातून गेलो होतो, पहिल्या सहामाहीत शिकवलेलं अर्धं डोक्यावरून गेलं. मग सुट्टीत काकांनी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, नेलं. तिथे साच्यात वाळू ठोकताना, कोअर बसवताना, मेटल आटलं की कास्टिंगला भेग कुठे पडते ते डोळ्यांनी बघितलं. परत वर्गात आलो तर पुस्तकातली आकृती बोलायला लागली. डिप्लोमानंतर डीसीईटी, म्हणजे डिप्लोमावाल्यांची सीईटी, देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतला.

ज्यांचं पीयूसी सायन्स झालंय त्यांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट घेतात. भाच्याला हातांनी काही करायला आवडत असेल तर ही चौकशी जरूर करा. आमच्याकडे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, चांगलं येणारा पोरगा शोधावा लागतो.

भालकी, बिदर

बेळगावकरांना लागू नाही, पण आमच्या भागातलं कुणी वाचत असेल तर. बिदर, कलबुर्गी हे कल्याण कर्नाटकात, म्हणजे जुन्या हैदराबाद-कर्नाटकात, येतात, आम्हाला राज्यघटनेच्या 371 जे कलमाखाली इथल्या कॉलेजांत राखीव जागा आहेत. मी लातूरला जायचं म्हणून हटून बसलो होतो. चुलत्यांनी 371 जेचा दाखला काढायला लावला आणि कमी टक्क्यांवर कलबुर्गीत जागा मिळाली. दाखला निकालाआधी काढा, नंतर रांग असते.

हुक्केरी

मी आई म्हणून लिहिते. मुलाने मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी दोन वर्षं घालवली. पहिलं वर्ष त्याच्या मर्जीने, दुसरं आमच्या. परगावी क्लासला ठेवलं, शेतावर कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी गुण वाढले ते थोडेच. पोरगं फोनवर "बरं आहे" एवढंच म्हणायचं, आणि मी तेच खरं धरून चालत होते.

परत आला तेव्हा सात किलो उतरला होता. आता बी.फार्म.ला आहे, नोटरीकडून गॅपचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, कुणी अडवलं नाही. वर्ष थांबणं वाईट नाही. पण थांबायच्या आधीच, जमलं नाही तर काय, हे त्याच्या तोंडून ऐकून घ्या. मी ऐकलं नाही.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांचे आभार. मी भाच्याला काही वाचून दाखवलं नाही, दाराच्या फटीतून मोबाईल आत सरकवला. तासाभराने बाहेर आला आणि विचारलं, "आत्या, स्कॅन प्रत मागवायची शेवटची तारीख कधी?"

मॅथ्स आणि केमिस्ट्रीची मागवली आहे. महाराष्ट्राची सीईटी त्याने दिलेली नाही, तो रस्ता यंदा बंद. दुसऱ्या परीक्षेला बसायचं की नाही हे प्रत बघून तो ठरवेल, असं दादाला मी सांगितलंय आणि दादाने मान हलवली आहे. उद्या दहाला आम्ही दोघं डिप्लोमाच्या थेट प्रवेशाची चौकशी करायला जाणार आहोत. अनगोळच्या भाऊंनी, चालत असेल तर, त्याला एकदा उद्यमबाग दाखवावी.

वहिनी आत्ताच बाहेर येऊन म्हणाली, सकाळी पोहे करते, खाऊन जा दोघं.