मदत हवी आहे: इंदूरात तीन मैत्रिणींचं पहिलं घर, एक मीटर, एक नळ

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघी होस्टेलपासूनच्या मैत्रिणी. मी सावंतवाडीची, एक सांगलीची, एक वर्ध्याची. नोकऱ्या इंदूरला लागल्या, तेव्हा सुदामा नगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मालक मराठीच आहेत, खाली राहतात. आजवर होस्टेल नाहीतर पीजी. स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःच्या किल्ल्या हे तिघींनाही नवीन. इथे आमचं दुसरं कुणी नाही. ताप आला तरी एकमेकींनीच बघायचं. म्हणूनच आत्ता विचारते आहे. भांडण झालेलं नाही, पण वीजबिलाचा विषय निघाला की तिघीही गप्प होतो, आणि ते मला सोसत नाही.

सांगलीकरणीची रात्रपाळी असते. पहाटे येते, दिवसभर झोपते. मे महिन्यात दुपारी तिच्या खोलीत एसीशिवाय झोप लागणं शक्य नाही, हे मलाही दिसतं. पण मीटर एकच. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत राहिला तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपयेच पडतात. एसी नसताना आम्ही त्या मर्यादेत असतो. तो सुरू झाला की सवलत तिघींचीही जाते. वर्ध्याची म्हणते, एसीचे युनिट तिचे आणि गेलेली सवलतही तिनेच भरावी. हे न्याय्य आहे का?

दुसरं पाण्याचं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही भल्या पहाटे. खालचा हौद भरला की मोटर लावून वरची टाकी भरायची. सांगलीची नेमकी तेव्हाच घरी पोचते, म्हणून आपोआप ते काम तिच्याकडे गेलं. रात्रभर काम करून आलेल्या मुलीने मोटरजवळ ताटकळत बसावं, हे मला बरोबर वाटत नाही. पण दिवसाआड पहाटे उठायची ताकद आमच्या दोघींतही नाही.

आणि किरायानामा फक्त माझ्या नावावर आहे, कारण मी आधी आले होते. अनामत तिघींची आहे. यात पुढे काही अडचण येईल का?

स्वयंपाकाचं मात्र छान जमलं आहे. गोडा मसाला, वऱ्हाडी तिखट आणि माझं खोबरं, तिन्ही एका फळीवर आहेत.

— माजघर

*

रामबागवाला: मुलींनो, मी इथेच वाढलो, म्हणून हक्काने सांगतो. आधी पाणी. हौदाच्या नळाला फ्लोट वॉल्व्ह असेल तर हौद आपोआप भरतो आणि पाणी बंद होतं, त्यासाठी कुणी जागायला नको. वरच्या टाकीत पातळी ओळखणारा ऑटोमॅटिक स्विच बसवून घ्या. टाकी रिकामी झाली की मोटर सुरू, भरली की बंद. हौदातही सेन्सर हवा, नाहीतर हौद कोरडा असताना मोटर चालून जळेल. मालकांना विचारा, त्यांनाही सोय होईल. नळाला थेट मोटर जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शेजारच्यांचं पाणी तुटतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी कचऱ्याचं सांगतो. गाडी दारात येते आणि कचरा सहा प्रकारांत वेगळा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस बनतो, म्हणून त्यात पिशवी जाता कामा नये. सकाळी घरी असेल तिने डबे न्यावेत आणि त्या बदल्यात तिला दुसरं एक काम माफ करावं.

हिशेबनीस: एसीच्या लाइनवर सबमीटर लावा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे दिवसाचे सहा तास धरले तर महिन्याला १८० युनिटच्या वर. महिन्याचं एकूण बिल भागिले एकूण युनिट, जो दर येईल त्या दराने सबमीटरचे पैसे तिचे. उरलेले तिघींत सारखे. यात सवलत गेल्याचा भार आपोआप वाटला जातो. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने आहेत.

पांढरीमाती: मला हे पटत नाही. वर्ध्याच्या मुलीने स्वतः काही जास्त वापरलेलं नाही, तरी तिचं बिल वाढतं. एसी नसता तर जेवढं बिल आलं असतं, त्यातला आपापला वाटाच दोघींनी भरावा. आधीच्या महिन्यांची बिलं समोर आहेत, अंदाज सोपा आहे.

रामबागवाला: हिशेब पांढरीमातीचा बरोबर आहे. पण तिला दिवसा झोपावं लागतं ते नोकरीमुळे. माळव्यात रात्री हवा उतरते, तुम्हा दोघींचं पंख्यावर, फार तर कूलरवर भागतं. तिच्या वाट्याला दुपार येते. कोरड्या हवेत कूलरही चांगला चालतो आणि एसीच्या मानाने फार थोडी वीज खातो. आधी तिच्या खिडकीला कूलर आणि जाड पडदा लावून बघा. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग नाही, पण तेव्हा गरजही कमी होते.

कोर्टपायरी: किरायानाम्यात तिघींची नावं घालून घ्या. करार बहुधा ११ महिन्यांचा असेल; नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सगळे ११ महिन्यांचा करतात. अनामत कुणी किती दिली आणि एखादी मध्येच गेली तर तिचे पैसे कोण परत करणार, हे तिघींनी वेगळ्या कागदावर लिहून सह्या करा. मालकांचा त्याच्याशी संबंध नाही. तिघींची माहिती पोलीस ठाण्यात दिली आहे का, तेही बघा.

माजघर: सगळ्यांचे मनापासून आभार. काकांची कूलरची कल्पना सांगलीच्या मैत्रिणीला वाचून दाखवली, ती लगेच हो म्हणाली. तरीही एसी लावावा लागला तर पांढरीमाती म्हणतात तसं करायचं असं तिनेच सुचवलं. मी आणि वर्ध्याची मिळून त्यातला थोडा भार उचलणार आहोत, कारण टाकीचं काम इतके दिवस तिनेच केलं. मालकीणकाकूंनी ऑटोमॅटिक स्विचला होकार दिला आहे, खर्च निम्मा निम्मा. आता एवढंच सांगा: सुदामा नगर, अन्नपूर्णा भागात असा स्विच नीट बसवून देणारा आणि बिघडला तर परत येणारा माणूस कसा शोधावा? मोटरच्या दुकानातूनच घ्यावा की इलेक्ट्रिशियन वेगळा बोलवावा?