ऑलिव्ह ऑइलचा पहिला कंटेनर: एफएसएसएआय आणि कस्टम्ससाठी काय तयार ठेवावं?

मार्केटयार्ड_तेल
नमस्कार मंडळी. पुण्यात मार्केट यार्डात भुसार आणि तेलाचा व्यापार आहे. स्पेनहून २० फुटी कंटेनर मागवायचाय: एक्स्ट्रा व्हर्जिन ५०० मिलीच्या बाटल्या आणि पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) ५ लिटरचे डबे. माल न्हावा शेव्याला उतरेल. आयईसी (आयात-निर्यात कोड) आहे, एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) स्टेट लायसन्स आहे. तेवढ्यावर भागेल का? लेबल स्पॅनिशमध्ये आहे, त्यावर आपलं स्टिकर चालेल का? शेल्फ लाइफ ६० टक्के शिल्लक लागते म्हणतात, ते कितपत खरं?

न्हावाशेवा_सीएचए
स्टेट लायसन्सवर आयात होत नाही. 'इम्पोर्टर' म्हणून सेंट्रल लायसन्स काढा, फॉस्कॉस या एफएसएसएआयच्या पोर्टलवर. ते हातात येईपर्यंत सप्लायरला माल लोड करायला सांगू नका.

बिल ऑफ एंट्रीत (कस्टम्सला द्यायच्या आयात मालाच्या नोंदीत) दोन्ही तेलं वेगळ्या ओळीत घ्या. कस्टम्सच्या वर्गवारीत व्हर्जिन प्रकार १५०९ खाली, पोमेस १५१० खाली. इन्व्हॉइसवर दोन्हीला नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' लिहून आलं की क्वेरी निघालीच. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री भरा. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये लेट फी लागते. सीएफएसचं (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचं) भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) वेगळंच.

फूड क्लिअरन्सचा अर्ज एफआयसीएसवर, म्हणजे एफएसएसएआयच्या आयात प्रणालीवर जातो. कागद तपासून फी भरली की अधिकारी माल बघतात, सॅम्पल काढतात. म्हणून सप्लायरला आधीच सांगून ठेवा: दोन्ही तेलांचे आणि प्रत्येक बॅचचे काही खोके दाराशी हवेत. पोमेसचे डबे आत कोंबलेले असले तर सॅम्पलसाठी अख्खा कंटेनर रिकामा करावा लागतो, त्याची मजुरी तुमच्याच माथी.

लेबल_आणि_लॅब
खरी अडचण स्टिकरचीच आहे. बॉण्डेड (कस्टम्सच्या देखरेखीखालच्या) गोदामात फक्त काही गोष्टी चिकटवता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, हिरवा शाकाहारी ठिपका. घटक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी हे इथे येऊन दुरुस्त होत नाही. ते उत्पादकाकडूनच इंग्रजीत किंवा हिंदीत आलं पाहिजे. लेबलचं आर्टवर्क मागवून तपासा आणि मगच छापायला हिरवा कंदील द्या.

त्यात 'कोलेस्टेरॉल फायटर', 'सूदिंग टू हार्ट', 'डबल रिफाइन्ड' असले शब्द शोधा. खाद्यतेलाच्या पॅकवर त्यांना मनाई आहे. परदेशी लेबलवर हृदयाचं चित्र आणि असलं वाक्य हमखास सापडतं.

वजनमाप कायद्याला लेबलवर काय लागतं ते वेगळं पाहा: एमआरपी, मूळ देश, ग्राहक तक्रारीचा संपर्क, शिवाय निव्वळ प्रमाण मिलीबरोबर ग्रॅममध्येही, तापमानाचा उल्लेख न करता. ५०० मिली ऑलिव्ह ऑइल साधारण ४५५ ते ४५८ ग्रॅम भरतं. सप्लायरकडून घनता लेखी घ्या, अंदाजाने आकडा टाकू नका.

६० टक्क्यांचं अर्धंच खरं आहे. २०१७ च्या आयात नियमांत '६० टक्के किंवा एक्स्पायरीआधी ३ महिने, यांपैकी जे कमी' असं आहे. २४ महिन्यांच्या बाटलीला ३ महिने पुरतात. पण ३ महिने उरलेला माल पुण्यातला कुठला दुकानदार उचलेल? १५ महिन्यांच्या वर शिल्लक असलेलाच माल घ्या.

लॅबमध्ये एक्स्ट्रा व्हर्जिनचं मुक्त मेदाम्ल (फ्री फॅटी ॲसिड) ०.८ टक्क्यांच्या आत आणि पेरॉक्साइड (तेल खवट होऊ लागल्याचं माप) २० च्या आत हवं. सप्लायरच्या रिपोर्टवर पेरॉक्साइड १७-१८ दिसलं तर ती बॅच नाकारा. उन्हाळ्यात कंटेनर आतून तापतो आणि आकडा वर सरकतो, इथे पोचेपर्यंत मर्यादा ओलांडू शकते. रिपोर्ट त्याच बॅचचा आहे ना, एवढं मात्र बघाच.

मार्केटयार्ड_तेल
मनापासून आभार, दोघांचेही. पोमेसचे डबे फोडून १ लिटरच्या बाटल्या भरल्या तर?

लेबल_आणि_लॅब
त्याला रीपॅकरचं लायसन्स लागेल, भरायची जागा त्यावर असली पाहिजे. डबे फोडून सुटं तेल विकणं तर बेकायदाच. रिकामे पत्र्याचे डबेही पुन्हा खाद्यतेलासाठी वापरता येत नाहीत. भंगारात देताना त्यांना भोकं पाडून द्या.