कर्जाच्या फाइलमध्ये पूररेषा कुठे लिहायची? बँक, विमा, गुंतवणूक क्षेत्रातल्या मंडळींना प्रश्न

कृष्णाकाठ_कर्जविभाग (सांगली)

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी कर्ज विभाग सांभाळते. नोकरीला २१ वर्षं झाली. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर बँकेत असतानाच पाहिले. गेल्या महिन्यात संचालक मंडळाने ठराव केला की बँकेचं 'हवामान जोखीम धोरण' तयार करायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं. नमुना म्हणून कुठून तरी ३४ पानांचा मसुदा मिळाला. त्यात कार्बन उत्सर्जनाची उद्दिष्टं आहेत, समित्या आहेत, पण कर्ज मंजूर करताना मी नेमकं काय बघायचं, याची एक ओळ नाही.

माझा प्रश्न कळण्यासाठी एक जुनी फाइल सांगते. गणपती पेठेच्या बाजूला साड्यांचं दुकान, २५ लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज. माणूस सरळ, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट वेळेवर. जुलै २०१९ च्या स्टेटमेंटमध्ये माल ४० लाखांचा, कारण गौरी-गणपतीची आणि दसऱ्याची खरेदी भरून ठेवलेली. विमा मात्र २० लाखांचाच. हप्ता वाचावा म्हणून त्यांनी तेवढाच काढला होता आणि आम्हीही 'विमा आहे' एवढं बघून टिकमार्क केली होती. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४५ फूट. दुकानातला ३० लाखांचा माल चिखलात गेला. मालाच्या निम्माच विमा, म्हणून भरपाईही नुकसानीच्या निम्मी: १५ लाख.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीने झोप लागली नाही. जामीनदारांना फोन करायला फाइल उघडली, तर एक जामीनदार चार दुकानं सोडून भांड्यांचा व्यापारी आणि दुसरे मागच्या बोळातले. दोघांच्याही घरात पाणी. तारण असलेली इमारत त्याच गल्लीत. आणि त्याच आठवड्यात आमचे ठेवीदार ठेवी मोडायला रांगेत उभे, कारण त्यांनाही घर धुवून-सावरून घ्यायचं होतं. कर्जदार, जामीनदार, तारण, ठेवीदार, सगळे एकाच पाण्यात. आम्ही चार वेगळ्या सुरक्षा मोजत होतो, प्रत्यक्षात ती एकच होती.

आज टेबलावर एक अर्ज आहे. मसाला कांडप आणि पापडाचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई, ७ वर्षांसाठी ८ लाख मागतात. आधीची दोन कर्जं एकही हप्ता न चुकवता फेडलेली. तारण राहतं घर, आणि ते निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पूर येणाऱ्या पट्ट्यात. तारणाची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरच्या अहवालात पूररेषेचा उल्लेखच नाही. मी तो लिहिला तर कर्ज समिती नाही म्हणेल, हे मला माहीत आहे. नाही लिहिला तर २०१९ ची चूक मी डोळे उघडे ठेवून परत करते.

ही जोखीम लिहायची कशी, आणि लिहिल्यावर अशा कर्जदारांचं करायचं काय? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, कळकळ पोचली. पण २०१९ चा पूर म्हणजे धरणातल्या विसर्गाचा आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणाचा प्रश्न. अलमट्टी, कोयना, राजापूर बंधारा यावर सांगलीत तुम्हाला मी काय सांगावं! याला हवामान बदल म्हणून धोरणं लिहिली की खरे दोषी सुटतात. आमच्या काळात आम्ही माणूस बघून कर्ज दिलं आणि वसूलही केलं.

---

जोखीम_पुणे

वरच्या साहेबांच्या मताचा आदर आहे. दोष कुणाचा, हे ठरायलाच हवं. पण बँकेच्या वहीत पाणी धरणाचं की ढगाचं, असा रकाना नसतो. तारण बुडालं की बुडालं. शिवाय पावसाची चाल बदलली आहे, हेही खरं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे जुन्या नोंदींवरून आखलेली पूररेषा हीसुद्धा कमीत कमी धरायची रेषा आहे.

ताई, मी एका मोठ्या बँकेत जोखीम विभागात आहे. आधी तुमच्यावरचं एक ओझं उतरवतो. रिझर्व्ह बँकेने २८ फेब्रुवारी २०२४ ला हवामानविषयक आर्थिक जोखमीच्या प्रकटीकरणाचा जो मसुदा काढला, त्यात नागरी बँकांपैकी फक्त टियर ४ घेतल्या आहेत, म्हणजे १०,००० कोटींहून जास्त ठेवीवाल्या. तुमची बँक त्यात बसत नसेल, तर ३४ पानं बाजूला ठेवा आणि तुमच्या उपयोगाची चार पानं लिहा.

आता पूररेषेचं गणित. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा. लोक '२५ वर्षांतून एकदा' ऐकतात आणि समजतात की २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत. खरा अर्थ असा की दर वर्षी ४ टक्के शक्यता. ७ वर्षांच्या कर्जात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २५ टक्के. १५ वर्षांच्या गृहकर्जात ४६ टक्के, जवळजवळ नाणं उडवण्यासारखं. त्याच जागेवर वर्षाला नूतनीकरण होणारं कॅश क्रेडिट असेल तर ४ टक्के. म्हणून फाइलवर नुसतं 'पूरक्षेत्र: होय' लिहू नका. मुदत आणि रेषा यांची सांगड घाला. संचालकांना हा एक तक्ता दाखवा, बाकी भाषण लागत नाही.

दुसरं म्हणजे जामीनदार. तुम्ही जे २०१९ ला पाहिलं, ते आमच्यासारख्यांना मोठमोठी मॉडेलं वापरून कळतं. नियम एका ओळीचा करा: तारण निळ्या रेषेत असेल तर किमान एक जामीनदार पूरक्षेत्राबाहेरचा, विश्रामबागेकडचा, मिरजेच्या उंच भागातला, कुठलाही. आणि एकूण कर्जांपैकी किती रुपये निळ्या रेषेत आहेत, हा आकडा दर तिमाहीला मंडळापुढे ठेवा. आमच्या एका विभागात हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा लक्षात आलं की व्यवसायाने निरनिराळे दिसणारे शंभरेक कर्जदार एकाच ओढ्याच्या काठावर होते. हॉटेल, गॅरेज, दवाखाना, औषधांचं गोदाम. कागदावर विविधता, जमिनीवर एकच उतार.

व्हॅल्युअरला मात्र सोडू नका. पॅनेलवरच्या सगळ्यांना पत्र पाठवा: पूररेषा, २०१९ ला पाणी किती फूट चढलं होतं आणि जोत्याची उंची, या तीन नोंदींशिवाय अहवाल स्वीकारणार नाही.

---

ओवी_लीड्स

मी मूळची इस्लामपूरची, गेली ११ वर्षं इंग्लंडमध्ये विमा क्षेत्रात. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तोच अवघड आहे. जोखीम प्रामाणिकपणे मोजली की गरिबाचं घर सगळ्यात आधी लाल शाईत येतं.

इथेही तेच झालं. विमा कंपन्यांकडे पुराचे बारीक नकाशे आले आणि नदीकाठच्या घरांचे हप्ते परवडेनासे झाले. विमा नाही तर गृहकर्ज नाही, गृहकर्ज नाही तर घर विकता येत नाही. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये 'फ्लड री' नावाची योजना आली. सगळ्या घरविमा कंपन्या मिळून वर्गणी भरतात आणि त्या पैशातून पूरक्षेत्रातल्या घरांच्या विम्यातला पुराचा भाग ठरावीक दरात उचलला जातो. मला त्यातल्या दोन गोष्टी फार शहाणपणाच्या वाटतात. एक, १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही, म्हणजे पूरक्षेत्रात नवीन बांधायला प्रोत्साहन नाही. दोन, ती २०३९ ला संपणार आहे. तोवर घरं सुधारा, बांध घाला, अशी मुदत दिलेली आहे. सहभागी कंपन्या नुकसानीनंतर दुरुस्ती करताना १०,००० पौंडांपर्यंत जादा देतात, ते घर पुढच्या पुराला तोंड देईल असं करण्यासाठी: विजेचे पॉइंट वर घेणं, लाकडी जमिनीऐवजी फरशी.

सांगलीत अशी योजना नाही, पण विचार उचलता येतो. कर्ज नाकारू नका, कर्जाचा काही भाग पाण्यापासून वाचण्यासाठी द्या. आणि विम्याचं नीट बघा. १ एप्रिल २०२१ पासून भारतात घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि ५ कोटींपर्यंतच्या व्यवसायाला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या प्रमाणित पॉलिसी आहेत. दोन्हीत पूर धरलेला आहे. सूक्ष्म उद्यममध्ये विमा रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी असली तरी भरपाई कापत नाहीत. पण तुमच्या साडीवाल्यांसारखी ५० टक्के कमी असेल तर कापणारच. म्हणून विम्याची रक्कम वर्षातल्या सगळ्यात जास्त मालावर ठरवा. तुमच्याकडे तो महिना नेमका पावसाळ्यातच येतो.

---

सीए_शिरोली

पुरावर सगळे बोलले, मी भट्टीवर बोलतो. कोल्हापूर भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपचे हिशोब बघतो. सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत तुमचे असे कर्जदार असतीलच. युरोपीय संघाने कार्बन सीमा कर आणला, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आकार. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसतं विवरण, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन, वीज यांना तो लागतो. पण 'निर्यातदार म्हणजे धोका' असं सरसकट लिहू नका. एचएस कोड, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, बघा. नट-बोल्टचा ७३१८ त्यात येतो, वाहनांचे सुटे भाग म्हणून जाणारा माल बहुतेक येत नाही. माझ्याकडच्या एका बोल्टवाल्याला युरोपच्या खरेदीदाराने विजेचं युनिट आणि टन मालाचा हिशोब मागितला. तो त्याच्याकडे नव्हता, म्हणून ऑर्डर तीन महिने अडकली. बँकेने निदान एवढं विचारावं: टनाला वीज किती, कोक किती, माल कुठे जातो? तीन प्रश्न, एक पान.

---

कृष्णाकाठ_कर्जविभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. १२ दिवसांनी लिहिते आहे, कारण आधी काम करून बघायचं होतं.

साहेब, तुमचं 'माणूस बघून कर्ज' मला मान्य आहे. मीही तेच शिकले. पण साडीवाले भाऊ माणूस म्हणून उत्तमच होते. त्यांनी पुढे चार वर्षं बायकोचे दागिने मोडून आमचं कर्ज फेडलं. ती वसुली आम्ही यश म्हणून अहवालात लिहिली, आणि मला आजही ते वाचवत नाही. विमा नीट बघितला असता तर ते दागिने घरात राहिले असते. जोखीम बघणं म्हणजे माणसावर अविश्वास नव्हे, हे मला त्या फाइलने शिकवलं.

मसालावाल्या ताईंच्या घरी शिपायाला घेऊन मी स्वतः गेले. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण त्यांनी रंग देतानाही पुसली नव्हती. टेपने मोजलं: जमिनीपासून ४ फूट २ इंच. कांडप यंत्र आणि पल्व्हरायझर खालच्याच खोलीत. वर पत्र्याची एक खोली आहे, पण स्लॅब यंत्राचं वजन घेईल का, याची खात्री नव्हती. आमच्या पॅनेलवरच्या अभियंत्याला दाखवलं. लोखंडी चौकट टाकली तर घेईल म्हणाले, खर्च साधारण ९० हजार. मी विचारलं, २०२१ ला काय केलंत? म्हणाल्या, रात्री दोन वाजता भावाला बोलावून मोटर सोडवून वर नेली, यंत्र तसंच सोडलं. म्हणजे जोखमीचं व्यवस्थापन त्या आधीपासून करतच होत्या, आम्ही फाइलमध्ये विचारलं नव्हतं.

टिपण असं लिहिलं: निळ्या रेषेच्या आत, ७ वर्षांत पुराची शक्यता २५ टक्के, मागील पाणी ४ फूट २ इंच. कर्ज ८ ऐवजी ८ लाख ९० हजार, वरचे ९० हजार यंत्र वर नेण्यासाठी, आणि ते काम झाल्याशिवाय पुढची रक्कम द्यायची नाही. विमा मे महिन्याच्या मालावर, कारण मिरची-हळदीचा साठा तेव्हा सगळ्यात जास्त असतो, पॉलिसीवर बँकेचं नाव. जुलै ते सप्टेंबर मुद्दलाचा हप्ता नाही, फक्त व्याज, तो भार बाकीच्या नऊ महिन्यांवर. एक जामीनदार विश्रामबागेतली त्यांची मावसबहीण.

समितीत पाऊण तास चर्चा झाली. एका संचालकांनी विचारलं, उद्या निळ्या रेषेतले सगळेच अर्ज घेऊन आले तर? तेव्हा पुण्याच्या दादांनी सांगितलेला आकडा पुढे ठेवला. आमच्या एकूण कर्जांपैकी २३ टक्के रक्कम आजच निळ्या रेषेत आहे. ते अर्ज पूर्वीच आले आहेत आणि मंजूरही झाले आहेत, फक्त कुणी मोजलं नव्हतं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. कर्ज मंजूर झालं, आणि निळ्या रेषेतल्या जुन्या फाइलींचे विमे ३१ मेच्या आत तपासायचे असाही ठराव झाला. ४१२ फाइली आहेत. रोज १५ काढतोय.

सीए साहेब, तुमचे तीन प्रश्न एमआयडीसीच्या नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये घातले. ओवी, इस्लामपूरला आलीस की बँकेत ये, चहा घेऊ. एक मदत हवी आहे: तासगावच्या द्राक्षबागांची कर्जं अजून राहिली आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आणि त्यातून येणारा दावण्या रोग याला पूररेषेसारखी रेषा नाही. बागायतदार किंवा कृषी कर्ज बघणारं कुणी इथे असेल तर लिहा. छाटणीच्या तारखेवरून हप्ते बांधता येतील का, एवढंच आत्ता विचारायचं आहे.