नव्या तलंगा जुन्या कोंबड्यांत कशा मिसळायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धायरीत घरामागे खुराडं आहे, 4 गावरान कोंबड्या 3 वर्षांपासून. मागच्या महिन्यात साडेतीन महिन्यांच्या, कावेरी जातीच्या 3 तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणल्या. विकणारा म्हणाला मानमोडी रोगाची लस झालीय, तरी 21 दिवस गच्चीवर वेगळ्या ठेवल्या. मग 8 दिवस जाळीपलीकडे, एकमेकींना दिसतील अशा. सगळं शहाण्यासारखं केलं असं वाटत होतं.

रविवारी जाळी काढली. आमची तांबडी (नावाची म्हातारी, पण गल्लीतली दादाच) थेट सगळ्यात लहानीच्या अंगावर. तुऱ्यातून रक्त आलं, आणि ते लाल दिसल्यावर बाकीच्याही टोचायला धावल्या. हळद लावून तिला आत घेतलंय. खपली धरलीय, दाणे खातेय.

आता प्रश्न. जखम भरल्यावर ती एकटीच परत गेली तर पुन्हा मार खाईल, म्हणून तिघींना एकत्रच वेगळं काढू का? की तांबडीलाच 4-5 दिवस डांबू, म्हणजे परतल्यावर तिचा तोरा उतरेल? आई म्हणते अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवायचं, सकाळी कळतही नाही. कुणी करून पाहिलंय? सकाळी किती वाजता उठून उभं राहावं लागतं?

आणखी एक. जुन्यांचं अंड्यावरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं) खाद्य तलंगांना नको, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. सगळ्यांना वाढीचंच खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला तर चालेल ना?