छप्पर उतरवताना माळ्यावर कांडेचोराची (उदमांजराची) पिल्लं निघाली, आता काम कसं करायचं?

आगरातली:
नमस्कार मंडळी. गुहागरकडे आमचं जुनं कौलारू घर आहे त्याची दुरुस्ती काढलीये. मागच्या ठेकेदाराने वरची कौलं न बघताच माजघराला पीव्हीसी सिलिंग ठोकलं होतं, पहिल्याच पावसात पाणी आत साठलं, पॅनल पोट सुटल्यासारखे खाली आले आणि वर दोन वाशांना वाळवी, म्हणून आता सगळंच उतरवायला घेतलं. परवा गडी कोपऱ्यातला पॅनल काढत होते तर जांभळाच्या आणि चिकूच्या बियांचा ढीगच अंगावर आला. टॉर्च मारून बघितलं तर फाटक्या गोणपाटावर तीन पिल्लं, राखाडी, डोळे जेमतेम उघडलेले, आणि मागे वाशाआड आई, काळं तोंड, लांब शेपूट, हलत नव्हती पण बघत होती. गडी म्हणतायत धूर करू, आपसूक पळेल. मला ते अजिबात पटत नाहीये. पण पाऊस तोंडावर आलाय आणि अर्धं छप्पर उघडं आहे, काय करू?

रानवाट:
ताई, धूर करू देऊ नका प्लीज. आई पळेल पण पिल्लं तिथेच गुदमरतील. हे उदमांजर, तुमच्याकडचं कांडेचोर, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, त्याला पकडणं, मारणं गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा, टोल फ्री आहे. पिल्लांना हात लावू नका, दूध पाजायला जाऊ नका. आई रात्री चरायला जाते आणि पहाटे परत येते, त्यामुळे संध्याकाळनंतर त्या खोलीत लाईट आणि ठोकाठोक बंद ठेवा. जास्त डिस्टर्ब झालं तर ती स्वतःच एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते.

एक वाचक:
आमच्याकडे डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या, गेलं होतं.

रानवाट:
दादा, पिल्लं असताना नको हो. त्यांना हलता येत नाही, तो वास बंद जागेत त्यांच्याच छातीत जाणार. शिवाय हे जनावर उंदीर खातं, आणि भेरल्या माडाचं बी रानभर पसरवणाऱ्यांत याचा मोठा वाटा आहे. हाकलण्यासारखं काही नाही त्यात.

वासेवाला:
मी छपराचीच कामं घेतो म्हणून सांगतो, सगळं छप्पर एकदम उघडायची गरजच नाही. खणाखणाने करा. पिल्लांचा कोपरा शेवटचा ठेवा, पलीकडच्या बाजूने वासे, रीपा बदलत या, कौलं चढवून घ्या, आणि तो एक खण राहिला तर त्यावर जाड ताडपत्री बांधा, फक्त आई ज्या फटीतून येते ती झाकू नका. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यात जी मोकळी जागा राहते ना, ९९ टक्के ती तिथूनच येते. रात्री फटीपाशी पीठ भुरभुरा, सकाळी पावलं दिसतील.

आगरातली:
सगळ्यांचे खूप आभार. १९२६ वर बोलले, वनरक्षक येऊन बघून गेले, तेही म्हणाले आई सांभाळतेय तर उचलायचं नाही. ओटीच्या बाजूने काम सुरू केलंय, तो खण ताडपत्रीखाली. पीठ टाकलं होतं, पावलं बरोबर मागच्या फटीपाशी उमटली. गड्यांनाही आता कौतुक वाटायला लागलंय, दुपारी त्या खोलीत कोणी मोठ्याने बोलत नाही. पण नंतर ती फट कशाने बंद करू? सिमेंट भरलं तर वाशांना हवा लागणार नाही ना?

वासेवाला:
सिमेंट नकोच, वासे कुजतील. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी कापून भिंतीला आणि वाशाला खिळ्यांनी मारा. पण आधी पिल्लं मोठी होऊन निघून गेल्याची खात्री करा, दोनेक महिने तरी धरून चाला, पीठ टाकून लागोपाठ काही रात्री पावलं दिसली नाहीत तरच जाळी. आणि छपराला टेकलेल्या आंब्याच्या फांद्या असतील तर त्या तोडा, नाहीतर पुढच्या वर्षी कौल सरकवून परत आत.